महाराजांना वगळून पाहिलं: बडोद्याच्या जाळ्यातले गट (प्रकल्प नोंदी)

१४ जून २०२५

दांडिया बाजाराजवळच्या आमच्या मराठी वाचनालयाची जुनी दाखल नोंदवही एकदाची टाइप करून झाली. शीर्षक, लेखक, अनुवादक, संपादक, प्रकाशक, छापखाना, साल, आणि पुस्तक कोणी भेट दिलं. या शेवटच्या रकान्यात अर्धं जुनं बडोदं सापडतं.

आता ही नोंदवही लिंक्ड डेटात आणायची आणि विकिडेटाला, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या खुल्या डेटाबेसला, जोडायची. प्रश्न सरळ आहे: संस्थानी काळात इथे लिहिणारी, छापणारी, शिकवणारी, गाणारी माणसं कुठल्या गटांत वावरत होती, ते नुसत्या दुव्यांवरून दिसतं का?

लिंक्ड डेटा म्हणजे प्रत्येक विधान तीन तुकड्यांत मांडायचं. 'अरविंद घोष, नोकरी, बडोदा कॉलेज' हे एक ट्रिपल झालं. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये यासाठी चार नियम मांडले. त्यांचं सार असं की प्रत्येक गोष्टीला वेबवर कायमचा पत्ता द्यावा, त्या पत्त्यावर गेल्यावर काहीतरी उपयोगाचं मिळावं आणि तिथून दुसऱ्या पत्त्यांकडे वाट असावी. ही वाट आहे म्हणून आमच्या चार कपाटांच्या वाचनालयाचं रजिस्टर बाहेरच्या जगाला जोडता येतं.

१७ जून

विकिडेटाच्या क्वेरी सर्व्हिसवर ६० सेकंदांत क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, संपली नाही तर ती तोडली जाते. त्यामुळे सगळं एकदम न मागता जन्मस्थान, शिक्षण, नोकरी, कामाचं ठिकाण, गुरू-शिष्य, नातेवाईक असे वेगवेगळे घास घेतले.

कोणती प्रॉपर्टी, म्हणजे ट्रिपलमधला मधला तुकडा, दुवा म्हणून धरायची, यावरच आज सगळा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. विकिडेटात प्रत्येक माणसाला 'मनुष्य' या नोडशी (नोड म्हणजे जाळ्यातला एक बिंदू) जोडणारं एक विधान असतं. तेही दुवा धरलं तर भारतातला कोणीही माणूस कोणाहीपासून दोन पावलांवर. 'लेखक' हा व्यवसाय, 'पुरुष' हे लिंग, 'भारत' हा देश यांचंही तेच. ही विधानं खरी आहेत, पण त्यांनी दोन माणसांची गाठ पडत नाही. असे नोड ठेवून अल्गोरिदम चालवला तर तो समुदाय शोधत नाही, डेटाबेसची रचनाच परत वाचून दाखवतो.

ठेवले ते दुवे: एकाच पुस्तकावर काम, गुरू-शिष्य, नातं, संस्थेत शिकणं किंवा शिकवणं, नेमणूक, पुस्तकाची भेट, छापखाना. टाकले ते: प्रकार, लिंग, देश, भाषा, व्यवसाय. जन्मस्थानही टाकलं. बडोद्यात जन्मलेले दोघे एकमेकांना ओळखतात असं नाही, शेजारच्या वाड्यातले असले तरी.

२१ जून

नावं. दुसरं काही नाही.

गो. स. सरदेसाई, गोविंद सखाराम सरदेसाई आणि नुसतं 'रियासतकार' अशा तीन नोंदी, माणूस एकच. गुजराती कागदांत तेच नाव आणखी वेगळ्या वळणाने येतं. जोडल्या नाहीत तर एका माणसाचे चार नोड होतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडे थोडे दुवे येतात आणि दोन मंडळींना जोडणारा माणूस कुठल्याच हिशेबात महत्त्वाचा दिसत नाही. उलट बाजूही आहे. 'रा. रा. जोशी' नावाचा एकच नोड केला तर त्यात किती जोशी बसतील सांगता येत नाही. नियम ठेवला: आद्याक्षरं, साल आणि एखादी संस्था, तिन्ही जुळली तरच एक. बाकीच्या नोंदी काकांना दाखवायच्या. काका म्हणजे आमचे ग्रंथपाल. निवृत्त झाले आहेत, पण किल्ल्या अजून त्यांच्याचकडे.

२८ जून

ग्राफमधले, म्हणजे नोड आणि दुव्यांच्या जाळ्यातले, गट शोधणारं लुव्हेन पहिल्यांदा चालवलं. ही पद्धत ब्लॉन्डेल, गियोम, लँबियॉट आणि लफेव्र या चौघांनी २००८ मध्ये मांडली. बेल्जियमच्या लुव्हेन-ला-नव्ह या विद्यापीठ नगरावरून नाव पडलं. सुरुवातीला प्रत्येक नोड स्वतःच एक गट. मग प्रत्येक नोडला शेजाऱ्याच्या गटात हलवून मॉड्युलॅरिटी वाढते का ते पाहायचं. वाढायची थांबली की प्रत्येक गटाचा एक मोठा नोड करायचा आणि पुन्हा तेच.

ऑफिसातल्या एका भाईंनी विचारलं, "ही मॉड्युलॅरिटी म्हणजे नक्की काय?" त्यांच्यासाठी वहीच्या पानावर केलेला हिशेब इथे ठेवते.

दोन त्रिकोण काढा आणि त्यांना एका रेघेने जोडा. नोड ६, दुवे ७. प्रत्येक त्रिकोणाच्या आत ३ दुवे. त्रिकोणातल्या तिघांच्या दुव्यांची बेरीज २ + २ + ३ = ७, आणि सगळ्या ग्राफची बेरीज १४. प्रत्येक गटासाठी आतल्या दुव्यांचा वाटा, म्हणजे ३/७, घ्यायचा. त्यातून दुवे नुसते नशिबाने पडले असते तर मिळाला असता तेवढा वाटा, म्हणजे (७/१४) चा वर्ग, वजा करायचा. ०.४२९ उणे ०.२५ म्हणजे ०.१७९, दोन्ही गटांचे मिळून ०.३५७. आता पुलाच्या टोकाचा एक नोड उचलून पलीकडच्या गटात टाका. एकीकडे दोघे, दुसरीकडे चौघे. बेरीज ०.१२ वर येते. सगळ्यांचा मिळून एकच गट केला तर शून्य. न्यूमन आणि गिरवान यांनी हे माप २००४ मध्ये दिलं आणि तेव्हापासून या क्षेत्रातले निम्मे वाद त्याच्याभोवतीच फिरतात.

आमच्या ग्राफवरचा आकडा छान आला. पण आकडा छान आला याचा फारसा आनंद मानू नये. २००४ मध्येच गिमेरा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की पूर्ण यादृच्छिक ग्राफमध्येही मोठी मॉड्युलॅरिटी देणारी विभागणी सापडते. गेफी या ग्राफ काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये गट रंगवले की चित्र तर कोणत्याही डेटाचं सुंदर दिसतं. रंगांवर जाऊ नये.

५ जुलै

चित्राच्या मध्यभागी एक भलामोठा गोळा: सयाजीराव महाराज, तिसरे. साहजिकच आहे. १८७५ ते १९३९ एवढी कारकीर्द, आणि नेमणूक, शिष्यवृत्ती, आश्रय, ग्रंथमाला, सगळं त्यांच्यापाशी येऊन थांबतं. कोणत्याही दोघांमधली जवळची वाट राजवाड्यावरूनच जाते. त्यांच्या नोडची बिटवीननेस, म्हणजे किती जवळच्या वाटा त्यातून जातात याचं माप, बाकी सगळ्यांच्या कितीतरी वर. त्यांच्याभोवती सगळे दरबारी, संगीतकार, प्राध्यापक, ग्रंथालयवाले एकाच गटात कोंबलेले.

म्हटलं, महाराजांना बाजूला काढून पाहू. बडोद्यात हे वाक्य मोठ्याने म्हणायचं नाही. काकांनी चष्म्यावरून पाहिलंच: "अगं, त्यांना काढलंस तर राहिलं काय?"

६ जुलै (आषाढी)

काय राहिलं ते आज पाहिलं, खिचडीची बशी बाजूला ठेवून.

संगीताचा गट जागचा हलला नाही. मौलाबक्ष, त्यांचे नातू इनायत खान, पुढे दरबार गायक फैयाज खाँ, १९१६ मध्ये बडोद्याला भरलेल्या अखिल भारतीय संगीत परिषदेमुळे जोडले गेलेले भातखंडे: यांच्यात गुरू-शिष्याचे, घराण्याचे, परिषदेचे आपसातले दुवे आहेत. मधला नोड गेला तरी जाळं टिकतं. कलाभवन या तंत्रशिक्षणाच्या संस्थेचंही तसंच. त्रिभुवनदास गज्जर, दादासाहेब फाळके आणि तिथले इतर शिकणारे-शिकवणारे एकत्र राहिले.

ग्रंथालय चळवळीचा गट मात्र विस्कटला. विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० मध्ये इथे आले, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, तीन वर्षांनी परत गेले. आमच्या ग्राफमध्ये त्यांना इतरांशी जोडणारा धागा जवळजवळ एकच होता आणि तो महाराजांमधून जात होता. दिवाण मंडळींचीही गत हीच, टी. माधवराव आणि रमेशचंद्र दत्त एका पदावर आले, पण वेगवेगळ्या काळात.

म्हणजे दोन जातीचे गट आहेत. काही एकमेकांना धरून असलेले, काही एकाच खुंटीला टांगलेले. लुव्हेनला दोन्ही सारखेच दिसतात. यापुढे प्रत्येक गटाची चाचणी सगळ्यांत जास्त दुव्यांचा नोड काढून करायची, हे पक्कं.

आंबेडकरांच्या नोडपाशी बराच वेळ थांबले. १९१३ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. डेटात 'नोकरी: बडोदे संस्थान' आणि त्यामुळे ते थेट अधिकाऱ्यांच्या गटात. प्रत्यक्षात या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी वसतिगृहातून बाहेर काढलं गेलं आणि थोड्याच दिवसांत ते निघून गेले. वर्षानुवर्षं कचेरीत बसलेल्या माणसाचा दुवा आणि हा दुवा ग्राफमध्ये एकाच जाडीचे. कालावधीचं वजन लावलं की नोकरीचा दुवा केसाएवढा होतो आणि शिष्यवृत्तीचा तेवढा राहतो. त्यांना अधिकाऱ्यांच्या गटातून काढलं. दुसऱ्या कुठल्या गटात घातलं नाही.

१२ जुलै

गौरवग्रंथांनी घोळ घातला आहे. पुस्तक आणि माणूस असे दोन जातींचे नोड असतात. त्यातून माणूस-माणूस ग्राफ काढताना एका पुस्तकावरचे सगळे एकमेकांना जोडले जातात. लेखक आणि अनुवादक, दोघंच असतील तर दुवा १. एखाद्या गौरवग्रंथात ४० जणांचे लेख असतील तर ४० × ३९ ÷ २ = ७८० दुवे. एका सत्कार समारंभाने वर्षभराच्या खऱ्या कामाला झाकून टाकलं. त्यातले बरेचसे लेखक आयुष्यात एकमेकांना भेटलेही नसतील, संपादकाचं पोस्टकार्ड आलं म्हणून दोन पानं लिहून दिली.

न्यूमन यांनी २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या सहलेखनासाठी सुचवलेलं वजन घेतलं: पुस्तकावर जितके जण, त्यातून एक वजा करून त्या संख्येने भागायचं. दोघांच्या पुस्तकात दुव्याचं वजन १, चाळिसांच्या ग्रंथात १/३९. कोणालाही एका पुस्तकातून मिळणारं एकूण वजन १ च राहतं.

१९ जुलै

अरविंद घोष, चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले वेंकटरामन रामकृष्णन एका गटात! कारण बडोदा कॉलेज पुढे विद्यापीठात सामील झालं आणि कोणीतरी आमच्या शीटमध्ये दोन्हींना एकच पत्ता दिला. अरविंद १८९३ मध्ये बडोद्याला आले, १९०६ मध्ये गेले. विद्यापीठ झालं १९४९ मध्ये. इंदूरचे बेंद्रे त्यानंतर ललितकला विभागात शिकवायला आले. रामकृष्णन १९७१ मध्ये बी. एस्सी. झाले.

पत्ते वेगळे केले, पण मूळ दुखणं वेळेचं आहे. विकिडेटात नोकरी-शिक्षणाच्या विधानांना सुरुवात आणि शेवटाचं साल जोडता येतं; साध्या छोट्या क्वेरीत ते गळतं. ते मुद्दाम मागून घ्यावं लागतं. आता संस्थेतून येणारा दुवा तेव्हाच, जेव्हा दोघांची सालं एकमेकांवर येतात. साल नसेल तर दुवा नाही. ग्राफ चांगलाच विरळ झाला आणि मला तो तसाच आवडतो.

२७ जुलै

लुव्हेन सोडून लायडन या तिच्या सुधारलेल्या पद्धतीवर आले. ट्राग, वाल्टमन आणि व्हॅन एक यांनी २०१९ मध्ये दाखवलं की लुव्हेनने काढलेले गट कधी कधी आतून तुटलेलेही असतात. त्यांच्या प्रयोगांत १६ टक्क्यांपर्यंत गट असे निघाले, आणि कमजोर जोडलेले २५ टक्क्यांपर्यंत.

असं होतं कसं, ते आमच्याच डेटात डोळ्यांनी पाहिलं. एक मराठी-गुजराती अनुवादक. त्याच्या एका हाताला चार मराठी नाटकवाले, दुसऱ्या हाताला तीन शाळामास्तर. या दोन टोळ्यांचा एकमेकांशी संबंध फक्त त्याच्यातून. सुरुवातीला आठही जण एका गटात. मग गुजराती प्रकाशकांचा गट वाढत गेला, अनुवादकाचे तिकडचे दुवे जास्त भरले आणि तो तिकडे गेला. मागे राहिलेले सात जण अजूनही एकाच गटाचे सभासद, मधला दोर मात्र तुटलेला. लुव्हेन मागे वळून बघत नाही, कारण त्या सातांपैकी एकेकट्याला हलवून काही फायदा दिसत नाही. लायडनमध्ये गटांचा मोठा नोड करण्याआधी आतून पुन्हा चाळणी लावतात, त्यामुळे प्रत्येक गट आतून जोडलेला असण्याची हमी मिळते. नाटकवाले आणि मास्तर आता वेगळे.

बडोद्यात हे प्रकरण वारंवार येणार. इथे दोन भाषांत वावरणारा माणूस अपवाद कधीच नव्हता, आजही नाही. सकाळी मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये बोलणारे संध्याकाळी पोळात, म्हणजे गल्लीत, गुजरातीत भांडतात. अशा माणसाला एकाच गटात बसवायचं हा हट्ट अल्गोरिदमचा, त्याचा नव्हे.

३ ऑगस्ट

बारीक गट मोठ्यांत विरघळतात. ही जुनी ओळखीची अडचण: फोर्तुनातो आणि बार्तेलेमी, २००७. मॉड्युलॅरिटी पूर्ण नेटवर्कच्या आकाराशी तुलना करते, म्हणून एका मर्यादेखालचे गट तिला वेगळे दिसतच नाहीत. अंदाज असा: एकूण दुव्यांची दुप्पट करा आणि वर्गमूळ काढा. दुवे ५,००० असतील तर १०,००० चं वर्गमूळ १००. ज्या गटातल्या सगळ्यांच्या दुव्यांची बेरीज शंभराहून कमी, त्याला शेजारचा गट गिळण्याचा धोका. आमचे नाटकवाले त्याच्या कितीतरी खाली.

म्हणून मॉड्युलॅरिटीऐवजी स्थिर पॉट्स मॉडेल. ते संपूर्ण नेटवर्ककडे न बघता गटाच्या आतल्या दाटपणाला एक उंबरठा लावतं आणि तो उंबरठा किती, हे आपण सांगायचं. उंबरठा वर नेला की गट बारीक होतात, खाली आणला की जाड. 'बरोबर' उंबरठा असा कुठे लिहिलेला नाही. आम्ही तो हळूहळू सरकवत नेला आणि बराच वेळ गट बदलत नाहीत असे दोन पट्टे निवडले. एका पट्ट्यात संस्था दिसतात, दुसऱ्यात ओळखीपाळखीची टोळकी. दोन्ही ठेवणार.

१० ऑगस्ट

सीड, म्हणजे अल्गोरिदमच्या यादृच्छिक सुरुवातीचा आकडा, बदलून पुन्हा पुन्हा चालवलं. कोणते दोघे किती वेळा एकत्र आले याचं कोष्टक केलं. संगीतवाले जवळजवळ नेहमी एकत्र. पुस्तकं भेट देणारे सावकार आणि वकील दर वेळी नव्या घरी.

१७ ऑगस्ट

हे गट बरोबर आहेत हे तपासायचं कशाने? झॅकरींच्या १९७७ च्या कराटे क्लबमध्ये ३४ सभासद, ७८ दुवे आणि क्लब खरोखरच फुटलेला, म्हणून त्यावर सगळे अल्गोरिदम तपासतात. आमच्याकडे अशी फूट नाही. जात, पेठ, भाषा असे शिक्के लावून जुळवणी करता येते. पण शिक्क्यांशी जुळलं नाही म्हणून गट चुकीचा ठरत नाही. माणसं एकापेक्षा जास्त कारणांनी एकत्र येतात.

मग घुसखोर चाचणी केली. पाठकोरे कागद कापून प्रत्येकावर एक नाव लिहिलं, एका गटातली सहा-सात नावं घेतली आणि त्यात दुसऱ्या गटातलं एक सरकवलं. वाचनालयाच्या लांब टेबलावर काकांसमोर मांडली.

"काका, यातलं कोणतं नाव या पंगतीतलं नाही, तेवढं सांगा."

संगीताची चळत त्यांनी वाचलीही नाही धड, घुसखोर चिमटीत धरून बाजूला ठेवला. कलाभवनाचीही तशीच. तिसऱ्या चळतीवर अडकले. कागद पुढे-मागे केले, दोन नावं जवळ आणली, पुन्हा लांब केली.

"एक घुसखोर कसला शोधायला सांगतेस? मला तर सगळेच एकमेकांना परके दिसतायत."

दुवे उघडून पाहिले. सगळ्यांची पुस्तकं एका छापखान्यात छापलेली, एवढंच साम्य. वैद्यकाचं पुस्तक, कीर्तनाचं पुस्तक, शेतीवरची पुस्तिका. मी छापखान्याचा दुवा टाकायला निघाले, तर काकांनीच अडवलं: "सरसकट काढू नकोस. लेखक स्वतः प्रुफं तपासायला छापखान्यात जाऊन बसायचे. एका वेळी दोघांची फॉर्मं मशीनवर असली की ओळख व्हायचीच." त्यांच्या वडिलांचं कंपोझिंगचं काम होतं, हे मला आज कळलं.

तोडगा: छापखाना एक आणि सालही एक असेल तरच दुवा, तोही हलक्या वजनाचा. पुन्हा चालवल्यावर ती चळत फुटली. कीर्तनकार भेट देणाऱ्यांच्या एका टोळक्याला जाऊन चिकटला, बाकीचे सुटे राहिले.

२४ ऑगस्ट

सुटे राहिलेले बरेच आहेत. त्यांना ओढून-ताणून गटात घालायचं नाही. शीटमध्ये 'गट नाही' असाच शेरा.

३१ ऑगस्ट

चौकातल्या गणपतीच्या मांडवाचे स्पीकर सुरू आहेत, त्यामुळे आजचं काम दारं-खिडक्या लावून.

शेवटच्या फाइलीत प्रत्येक माणसासमोर एकाच गटाचं नाव लिहिण्याऐवजी तीन गोष्टी ठेवल्या: सीड बदलल्यावर तो ज्या गटांत आला ते आणि किती वेळा, महाराजांचा नोड काढल्यावर काय झालं, आणि त्याला गटात धरून ठेवणारे सगळ्यांत वजनदार दुवे कोणते. अनुवादक मंडळी दोन-दोन गटांखाली आली आहेत. आंबेडकरांच्या ओळीत गटाचा रकाना रिकामा आणि शेऱ्यात १९१७ ची हकीकत. हे सगळं ट्रिपलमध्येच लिहिलं आणि प्रत्येक गटाच्या विधानाला अल्गोरिदम, उंबरठा आणि तारीख जोडली. नाहीतर उद्या कोणीतरी 'अमुक हे तमुक मंडळाचे सभासद होते' असं आमच्या हवाल्याने छापायचं.

राहिलेलं काम: रावपुऱ्याकडच्या एका गुजराती वाचनालयाची नोंदवही याला जोडायची. तिथली नावं गुजराती लिपीत, सालं विक्रम संवतात. संवतातून इसवी सन काढताना गुजरातेत वर्ष कार्तिकात बदलतं, तेव्हा महिना माहीत नसेल तर ५६ वजा करायचे की ५७ हे ठरत नाही. अशा नोंदींना दोन सालांचा पल्ला द्यावा लागेल. सेक्रेटरींनी रजिस्टर दाखवायला गणपतीनंतर बोलावलंय. काका बरोबर येणार आहेत.